गाडी घरची, हत्यारे घरची

शेतकऱ्याला हत्याराचे मोल सांगावे लागत नाही. विळा बोथट असला तर गवत कापले जात नाही, मुळासकट उपटून येते. खुरप्याची मूठ ढिली असली तर तळहाताला फोड येतात. कुऱ्हाडीचा दांडा कच्चा असला तर तो घाव घालणाऱ्याच्याच जिवावर उठतो. हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. आपल्यालाही ठाऊक आहे.

आता आपल्या दारात बैलगाडीच्या जागी मोटारगाडी उभी राहू लागली आहे. कुणाची जुनी जीप, कुणाची पिकअप, कुणाची लहान मोटार. पुष्कळांनी ती कर्ज काढून घेतलेली असते. तिच्यावर माल बाजारात जातो, आजारी माणूस दवाखान्यात जातो. पण तिचे साधे चाक बदलायचे झाले तरी आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून कुणाची तरी वाट पाहतो. असे का? गाडी फार अवघड आहे म्हणून नाही. हातात योग्य हत्यार नसते म्हणून!

तर मंडळी, गाडीची किरकोळ कामे घरच्या घरी करायची तर आधी कोणती हत्यारे घ्यावीत, कोणती मागाहून घ्यावीत आणि कोणती घेऊच नयेत, हे आज आपण पाहू.

आमची फजिती

पहिल्याने आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही घरात एक जुनी पिकअप घेतली. गाडी आली त्याच आठवड्यात बाजारातून हत्यारांची एक मोठी पेटी आणली. शंभराच्या वर नग! झाकण उघडले की सगळी हत्यारे दिवाळीच्या ताटासारखी मांडलेली. चकचकीत तर अशी की तोंड पाहून घ्यावे. भावही स्वस्त. आम्हाला वाटले, आता मिस्त्रीची गरजच संपली.

एका रात्री आम्ही टोमॅटोचे क्रेट भरून निघालो. पहाटे बाजार गाठायचा होता. वाटेत चाक बसले. आम्ही ऐटीत पेटी काढली, नटावर गोटी चढवली आणि जोर लावला. कट् असा आवाज झाला. नट सुटला असे वाटले. पाहतो तो गोटीच उभी चिरली होती! मग दुसरी गोटी चढवली. ती नंबराने मोठी. ती नटावरून घसरली आणि नटाचे कोपरेच झिजवून गेली. आता त्या नटाला कुठलाच पाना धरेना. सकाळपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. उजाडल्यावर मिस्त्री आला. त्याने छिन्नी लावून नट फोडला, तेव्हा कुठे चाक निघाले.

बाजार गेला. मिस्त्रीचे पैसे गेले. नवा बोल्ट, नवा नट घ्यावा लागला. पेटीचे पैसे तर गेलेच होते. मिस्त्री जाता जाता म्हणाला, “दादा, शंभर हत्यारं कशाला आणलीत? दहाच आणायची. पण खरी आणायची.”

ते दहाच्या हिशोबाचे बोलणे आम्ही गाठीला बांधले आहे. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

आधी काम, मग हत्यार

सुताराच्या पेटीत वाकस असतो, पटाशी असते, रंधा असतो. पण ही सगळी हत्यारे त्याने एका दिवसात घेतली का? नाही. जसे काम शिकत गेला, तशी पेटी भरत गेली. आपणही तसेच करावे.

आपण घरी कोणती कामे करणार आहोत? पहिले काम चाक बदलण्याचे. दुसरे टायरची हवा पाहण्याचे. तिसरे बॅटरीचे खांब साफ करण्याचे. चौथे फ्यूज आणि दिवे बदलण्याचे. पाचवे हवेची गाळणी, म्हणजे एअर फिल्टर, काढून बदलण्याचे. हात बसला की सहावे काम इंजिनचे ऑइल बदलण्याचे. सुरुवातीला एवढे पुष्कळ झाले.

आता बाजारात जाण्याआधी गाडीतच पाहा. गाडीबरोबर बहुधा जॅक आणि चाकाचा पाना दिलेला असतो. सीटखाली किंवा मागच्या बाजूला तो ठेवलेला असतो. जुनी गाडी घेतली असेल तर तो आहे की नाही, याची खात्री करा. पुष्कळदा आधीच्या मालकाने तो काढून घेतलेला असतो. गाडीचे माहितीपुस्तकही शोधा. तुम्ही आता वाचू लागला आहात. ते पुस्तक कपाटात ठेवण्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे. टायरमध्ये हवा किती भरावी, ऑइल कोणते आणि किती घालावे, जॅक कुठे लावावा, हे सगळे त्यात लिहिलेले असते.

पान्याची ओळख

पुस्तकाची पाने आपण उलटू लागलो. आता लोखंडी पान्यांची ओळख करून घेऊ.

नट किंवा बोल्ट सैल करायला आणि आवळायला जे हत्यार लागते तो पाना. प्रत्येक पान्यावर एक आकडा कोरलेला असतो. १० म्हणजे त्या पान्याच्या तोंडाची रुंदी १० मिलिमीटर. बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर १० मिलिमीटर असले, तर त्याला १० नंबरचा पाना बसतो. हा आकडा बोल्टच्या जाडीचा नाही, डोक्याचा आहे. १० नंबरच्या बोल्टची काडी बहुधा ६ मिलिमीटरच असते. म्हणजे करंगळीहूनही बारीक! म्हणून लहान बोल्ट आवळताना बेताने. जास्त जोर लावला तर काडी मोडते आणि अर्धा तुकडा आत राहतो.

पाने मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

एक, उघड्या तोंडाचा पाना. याला फिक्स पाना म्हणतात. हा बाजूने सरकवून लावता येतो. पण तो नटाच्या फक्त दोन बाजू धरतो. नट फार घट्ट असला तर घसरण्याची भीती असते.

दुसरा, रिंग पाना. याचे तोंड कड्यासारखे असते. तो नटाला सगळीकडून धरतो, म्हणून सहसा घसरत नाही. घट्ट नट आधी रिंग पान्यानेच सैल करावा.

तिसरा, गोटी पाना. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसणारी नळी. तिला वेगळा दांडा लावतात. खोलवर असलेला नट हिच्याशिवाय निघत नाही. सहा कोनांची गोटी घ्यावी. बारा कोनांची गोटी पटकन बसते खरी, पण झिजलेल्या नटावर सहा कोनांचीच पकड चांगली.

नव्या माणसाने काय घ्यावे? एका टोकाला उघडे तोंड आणि दुसऱ्या टोकाला रिंग, असे जोडपाने मिळतात. तेच घ्यावेत. एका पान्यात दोन्ही कामे होतात.

आणि नंबर कोणते? ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९. एवढ्या सात पान्यांत लहान गाडीची बरीचशी कामे होतात. जपानी घडणीच्या गाड्यांत १०, १२, १४ हे नंबर जास्त दिसतात. इतर पुष्कळ गाड्यांत १०, १३, १७ दिसतात. आपल्या गाडीला कोणते लागतात, हे शेजाऱ्याला विचारण्यापेक्षा गाडीलाच विचारा. ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी नेऊन दोन-चार बोल्टांना पाने लावून पाहा आणि आकडे वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. फार जुन्या जीपगाड्यांना इंचाच्या मापाचे नट असतात. आपल्या देशात १९५८ पासून मीटर आणि किलोग्रॅमची पद्धत टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीचा कारभार इंचाचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो पाना १३ च्या नटावर चढणार नाही आणि १२ च्या नटावर ढिला बसेल. ढिला पाना म्हणजे नटाचा काळ. तो कोपरे खातो. म्हणून इंचाचा पाना मिलिमीटरच्या नटाला लावू नये, आणि मिलिमीटरचा इंचाच्या नटाला लावू नये.

स्क्रू पान्याचा मोह

ज्याचे तोंड लहानमोठे करता येते तो स्क्रू पाना. दुकानदार म्हणेल, “हा एक घ्या, बाकीचे कशाला?” बोलणे गोड वाटते. पण त्याचा जबडा थोडा तरी हलतो. घट्ट नटावर तो घसरतो आणि कोपरे झिजवतो. नळाच्या कामाला तो ठेवा. गाडीच्या घट्ट नटाला लावू नका.

पान्याची लांबी उगाच नसते

लहान नंबरचा पाना आखूड असतो, मोठ्या नंबरचा लांब असतो. हे का? पहारीने धोंडा हलवताना आपण पहार जितकी लांब धरतो तितका जोर कमी लागतो. पान्याचेही तसेच. मोठ्या बोल्टला जास्त जोर हवा, म्हणून त्याचा पाना लांब. लहान बोल्ट मोडू नये, म्हणून त्याचा पाना आखूड. पान्याच्या शेपटाला पाईप जोडून लांबी वाढवणारे लोक आपण पाहतो. त्याने पाना मोडतो, नाही तर बोल्ट मोडतो, नाही तर माणूस तोंडावर आपटतो.

पाना नेहमी आपल्याकडे ओढावा. पुढे ढकलू नये. ढकलताना घसरला तर बोटांची सालटी निघतात. नट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की आवळतो, उलट फिरवला की सैल होतो. गंजलेला नट असेल तर त्यावर गंज सोडवणारे तेल घालून थोडा वेळ थांबावे. ताकदीपेक्षा तिथे धीर उपयोगी पडतो.

पेचकस, पक्कड आणि हातोडी

पेचकस दोन प्रकारचे लागतात. एक चपट्या तोंडाचा, एक फुलीच्या तोंडाचा. प्रत्येकात एक लहान, एक मोठा घ्या. पेचकस स्क्रूच्या खाचेत गच्च बसला पाहिजे. बारीक टोक मोठ्या खाचेत फिरवले तर खाच खराब होते. आणि पेचकस म्हणजे छिन्नी नव्हे. त्यावर हातोडी मारू नये.

पक्कड एक साधी आणि एक लांब चोचीची पुरे. तारा वाकवणे, क्लिप काढणे, बारीक वस्तू धरणे यासाठी ती आहे. नट सोडवण्यासाठी नाही. हातोडी घरात असतेच. नवी घेण्याची घाई नको.

चाकाचे सामान

चाक बदलायला जॅक, चाकाचा पाना, चाकाला अडसर म्हणून दोन लाकडी पाचरी किंवा दगड आणि हवा भरलेली स्टेपनी एवढे लागते. रात्रीसाठी एक बॅटरीचा दिवा. चाकाचा पाना घरीच एकदा नटावर लावून पाहा. रस्त्यावर परीक्षा नको.

काम असे करावे. गाडी सपाट आणि कठीण जागी उभी करा. हातब्रेक ओढा. जे चाक बदलायचे त्याच्या समोरच्या टोकाच्या चाकाला पाचर लावा. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग जॅक लावा. चाक बदलून झाले की नट हाताने बसवा, गाडी खाली घ्या आणि मग पक्के आवळा. आवळताना ओळीने नाही, समोरासमोरचे नट आवळा. तसे केले म्हणजे चाक सारखे बसते. थोडी गाडी चालवली की पुन्हा एकदा नट तपासा.

हवा मोजायचा गेज लहान वस्तू आहे, पण रोजच्या उपयोगाची. हवा किती असावी हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेले असते. गाडी धावून आल्यावर टायर तापतो आणि आकडा वाढलेला दिसतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. स्टेपनीचीही मोजा. तिला आपण सगळेच विसरतो.

जॅकवर जीव टाकू नका

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. जॅक घसरतो, कलतो, मऊ मातीत रुततो. लहान मोटारीचे वजनही सात-आठशे किलो असते. ते अंगावर आले तर हाक मारायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. क्षणभरही नाही. ऑइल गळते का, एवढे पाहण्यासाठीही नाही. गाडीखाली जायचेच असेल तर लोखंडी घोड्यांची जोडी घ्या. घोडी किती वजन पेलते ते तिच्यावर लिहिलेले असते. ते वाचूनच घ्या. कुणी विटांची चवड रचून तिच्यावर गाडी टेकवतात. ते करू नका. वीट आधी सांगून फुटत नाही.

घोड्या घ्यायला पैसे नाहीत? मग गाडीखालची कामे मिस्त्रीकडे द्या. त्यात कमीपणा काही नाही.

बॅटरी आणि फ्यूज

बॅटरीच्या खांबांवर पांढरा-हिरवा थर चढतो आणि गाडी सुरू होईनाशी होते. बहुधा १० नंबरच्या पान्याने खांबाची पकड सैल होते. आधी वजा खूण असलेली तार काढा, मग अधिक खुणेची. लावताना उलट, आधी अधिक आणि शेवटी वजा. असे का? गाडीचे अंग वजा तारेला जोडलेले असते. वजा तार जागेवर असताना अधिकच्या खांबावरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने भडकतो. जवळ विडी पेटवू नका. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. थर साफ करायला खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि जुना ब्रश पुरतो. बॅटरीतले पाणी तेजाबी असते, डोळे सांभाळा.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच आकड्याचा नवा लावा. १० च्या जागी १०, १५ च्या जागी १५. तार गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज आपण जळून गाडी वाचवतो. तो नसला तर गाडी जळते.

हत्यार पारखून घ्या

दुकानात पाना हातात घ्या. आकडा रंगाने लिहिलेला आहे की कोरलेला, ते पाहा. कोरलेला चांगला. क्रोम व्हॅनेडियम असे पोलादाचे नाव बहुधा चांगल्या पान्यावर असते. पण नुसत्या नावावर जाऊ नका, कारण नाव कुणीही कोरतो. त्याच मापाचा नवा नट मागा आणि पाना बसवून पाहा. डुगडुगला तर परत करा. तोंडाच्या कडांना भेगा, फुगवटे नकोत. जालंधर आणि लुधियाना ही शहरे हातहत्यारांसाठी प्रसिद्ध आहेत. आपल्याकडे नाशिकलाही हत्यारे बनतात. देशी चांगला पाना पिढीभर टिकतो. चकाकीपेक्षा बनावट पाहा. जास्त नग आणि कमी भाव असे जिथे दिसेल, तिथे आमची गोटी आठवा.

काय घरी करू नये

काही कामे शिकल्याशिवाय घरी करू नयेत. ब्रेक उघडणे, स्टिअरिंग उघडणे, अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशवीच्या तारांना हात लावणे ही ती कामे. ब्रेक चुकला तर आपल्याबरोबर रस्त्यावरचा दुसराही मरतो. तसेच इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले उकळते पाणी उसळून तोंडावर येते.

ऑइल बदलू लागलात तर काळे ऑइल बांधावर, ओढ्यात ओतू नका. ते झिरपून विहिरीला जाते. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

हत्यारे सांभाळा

काम झाले की प्रत्येक हत्यार फडक्याने पुसा. पावसाळ्यात तेलाचा हात फिरवा. जाड कापडाला खिसे शिवून त्यात नंबरवार ठेवा. एखादा खिसा रिकामा दिसला की पाना इंजिनात राहिला आहे, हे लगेच कळते. गाडी सुरू करण्याआधी खिसे मोजायची सवय लावा. शेजाऱ्याला हत्यार द्यावे, पण वहीत लिहून द्यावे.

शेवटी, ही यादी वहीत उतरवून घ्या.

पहिल्या खेपेला: जॅक, गाडीला बसणारा चाकाचा पाना, दोन पाचरी, हवेचा गेज, दिवा.

दुसऱ्या खेपेला: ८ ते १९ पर्यंतचे सात जोडपाने, चार पेचकस, दोन पकडी, जादा फ्यूज.

तिसऱ्या खेपेला: लागतील तेवढ्याच गोट्या आणि त्यांचा दांडा. ऑइल बदलायचे असेल तर फिल्टरचा पाना, नरसाळे, पसरट घमेले आणि घोड्यांची जोडी.

बाजाराला जाल तेव्हा ही वही बरोबर न्या. दुकानदार पेटी दाखवील, तेव्हा आधी यादी वाचा. यादीत आहे तेवढेच घ्या. आणि घरी आल्यावर दिवसाउजेडी, दारात, एकदा चाक काढून परत बसवून पाहा. घरातल्या मुलामुलींनाही दाखवा. एकदा हे जमले, की रात्री रस्त्यावर चाक बसले तरी काळजी नाही. अर्ध्या तासात गाडी पुन्हा वाटेला लागेल आणि माल पहाटेच्या बाजारात पोचेल.